स्वल्प, पूर्ण आणि तुझ्या वहिनीचा हुंकार

परममित्र गरुड यांस भोंग्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठ अंगांपैकी जेवढी वाकली तेवढ्यांचाच. उरलेल्या अंगांचा नमस्कार कंबर सुटली की पोचता करतो.)

आपली प्रकृती ठणठणीत असावी अशी आशा करतो. नवा गुडघा घरच्यासारखा वागायला लागला का? सूनबाई जिना चढू देतात, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? चिरंजीवांनी नवा चष्मा करून दिल्याचं आपण लिहिलं होतं. त्यातून अक्षर दिसतं की नुसती ऐटच दिसते, तेही कळवावं. (हे 'आपण' आता इथेच सोडतो. उभा जन्म ज्याच्यासमोर एका टेबलाशी बसून घसा कोरडा केला, त्याला 'आपण' म्हणताना दुसऱ्याचे बूट घालून चालल्यासारखं होतं. पत्राची सुरुवात रीतीने व्हावी म्हणून तेवढं केलं.)

तुझी पत्रं पोचली, उत्तर मात्र एकाचंही गेलं नाही, याचा राग धरू नकोस. माझी खोड तुला माहीत आहे. मला गप्प बसून लिहिता येत नाही. हात चालला की तोंड चालतं, आणि छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात तुझ्या कानापर्यंत शब्द पोचवता पोचवता आवाजाला जे वळण लागलं ते काही सुटत नाही. मी कुजबुजलो तरी जिन्यातलं मांजर उठून बसतं. मग तुझ्या वहिनीबद्दल तुला लिहायचं तर तिच्यासमोर बसून कसं लिहू? आज ती आतल्या खोलीत पडली आहे, डोळा लागला असावा, दार लोटून घेतलं आहे, म्हणून बैठक मारली. ओळी वाकड्या आल्या तर क्षमा कर. आखायची लोखंडी पट्टी कुठे गेली कोण जाणे. (वरच्या मजल्यावरच्या बाईंवर संशय आहे. त्यांच्याविषयी पुढे येईलच.)

तर आधी वाईट बातमी. तुझ्या वहिनीचे डोळे गेले. शस्त्रक्रिया झाली आणि ती चांगली झाली असं मी तुला कळवलं होतं, कारण डॉक्टर तसंच म्हणाले होते. पण पुढे डोळ्यांतला दाब वाढत गेला, थेंब बदलले, गोळ्या बदलल्या, डॉक्टरही बदलून पाहिले. आता तिला उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं. खिडकी कुठे आणि भिंत कुठे, इतकंच. माणूस नाही, अक्षर नाही, कपाचा कान नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "ठीक आहे." मग चष्मा काढला, डबीत ठेवला, झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात दिली. परत येताना सगळी वाट ती डबी माझ्या खिशात टोचत होती.

घरी खिडकीच्या कट्ट्यावर तिची अर्धवट राहिलेली कादंबरी होती, खूण म्हणून मधे केसांतली पिन. ती तिने हाताने चाचपली आणि जिथल्या तिथे ठेवली. तू तिला पाहिलं आहेस. एका हाताने कढई हलवताना दुसऱ्या हातात पुस्तक धरणारी बाई. पोळलेली बोटं आणि करपलेली भाजी यांचं आमच्या घरात कधी कुणी वाईट वाटून घेतलं नाही. त्या दिवशी तिने आपली खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. मी म्हटलं, अगं खिडकीकडे कर, तेवढा तरी उजेड. तर म्हणाली, "इथे चालेल."

गरुडा, हा 'चालेल' शब्द मला आता नकोसा झाला आहे. तुझ्या वहिनीला सहजासहजी काही चालत नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक. चहा उकळला तर फार उकळला, नाही उकळला तर पाणचट; खिडकी उघडली तर धूळ, लावली तर कोंडलं. तिच्या या न चालण्यावर आमचा संसार इतकी वर्षं चालला. आणि एकाएकी तिला सगळंच चालायला लागलं. चहात साखर विसरलो, चालेल. लेकीला फोन उद्या लावू का, चालेल. एकदा मी मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून एक-एक घास शांतपणे चावत राहिली. कशी झाली आहे विचारलं तर तेच. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत आपटत रडलो. (भांडी का आपटली ते तुला सांगायला नको. माझं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असतं.)

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय लेकीने पाठवला, पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र. छोटंसं, काळं, साबणाच्या वडीएवढं. त्यातली बाई फार शिकलेली असावी, पण तिला दम लागत नाही, खोकला येत नाही, आणि आई वारल्याची बातमी ती पुढचं स्थानक सांगावं तशी सांगते. तुझ्या वहिनीने निमूट ऐकून घेतलं. कसं वाटलं विचारल्यावर काय म्हणाली असेल ते तू ओळखलं असशीलच.

दुसरा उपाय आपल्या पायांनी जिना उतरून आला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिकाबाई राहतात. शाळेत त्या मुलांची नाटकं बसवत असत. बाई मनाने सोन्यासारख्या, पण वाचायला बसल्या की सगळी पात्रं एकाच वेळी त्यांच्या अंगात येतात. म्हातारा खोकला की बाई खोकतात, दार वाजलं की टेबल वाजवतात, आणि रडायचा प्रसंग आला तेव्हा त्या इतक्या रडल्या, की तुझ्या वहिनीलाच भिंतीला हात लावत लावत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं. बाई गेल्यावर ती म्हणाली, छान वाचतात, पण माझ्या वाटचं रडणंही त्याच रडून टाकतात. दुसऱ्या दिवसापासून तिचं डोकं बरोब्बर बाईंच्या येण्याच्या वेळी दुखायला लागलं. मला मेल्याला त्यातही बरं वाटलं, की निदान काहीतरी चालत नाही म्हणाली!

आणि मग एका दुपारी, मी वाटाणे सोलत बसलो असताना, भिंतीकडून आवाज आला. "पुढे काय होतं हो?" मला आधी कळेचना. म्हटलं, कशाचं? तर म्हणाली, त्या कादंबरीत. ती घर सोडून निघाली इथवर माझं वाचून झालं आहे. ती परत येते का? तुम्हाला ठाऊक असेल ना, तुम्हीच तर वाचली होती छापताना.

खरंच आपणच वाचली होती, गरुडा. तो जाडजूड ठोकळा आठव, ज्याचा लेखक जुळवलेल्या पानांचा फर्मा यंत्रावर चढेपर्यंत चिठ्ठ्या पाठवत होता, की हे वाक्य अमक्या पानात घुसवा आणि ते तमक्या. कच्चं प्रूफ, पानांचं प्रूफ, शेवटचं प्रूफ, दरवेळी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मी मोठ्याने वाचलं आणि तू समोर खुणा केल्या. मी वाटाणे ठेवले आणि आठवायला लागलो. काय आठवलं सांगू? एका पानावर 'ळ'चे शिशाचे खिळे तुटके होते, त्यामुळे सगळ्या वेळा लंगड्या दिसत होत्या. एका प्रकरणाचं शीर्षक नको तेवढ्या मोठ्या टाइपात पडलं होतं. एक आख्खी ओळ दोनदा जुळली होती आणि ती तू पकडलीस म्हणून मालकांनी चहा पाजला होता. तो चहाही आठवला, आल्याचा होता. पण ती बाई परत येते का? गेली कुठे? मुळात गेलीच का? मेंदूचं पान कोरं करकरीत! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे तर कळसा तोंडात होता. मी खरं ते सांगून टाकलं, की मला ठाऊक नाही.

तिने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. (म्हणजे माझ्याकडे असं तिला वाटलं. बोलली ती कपाटाशी.) "तीन-तीनदा आख्खी कादंबरी वाचलीत आणि ती परत येते का ते माहीत नाही? मग इतकी वर्षं तिथे बसून करत काय होता?" अरे, ती मला बोलली! कपाटाला बोलली म्हण, पण मला उद्देशून बोलली. गाढवाला गुळाची चव काय, असंही वर म्हणाली. मला इतका आनंद झाला की सोललेले वाटाणे सालींत आणि साली वाटाण्यांत गेल्या. हात पुसले, चष्मा लावला, केसांची पिन काढून तिच्या हातात दिली आणि वाचायला सुरुवात केली.

आणि सवयीने तोंड जसं चालतं तसंच चाललं. "ती उंबऱ्याशी थांबली स्वल्प मागे वळून मात्र पाहिलं नाही पूर्ण अवतरण सुरू येते मी अवतरण बंद पूर्ण नवा परिच्छेद." मला पत्ताच नाही, की मी असं काही करतो आहे. ती खुर्चीत थोडी पुढे झुकली आणि ऐकत राहिली. मला वाटलं, वा, आपण चांगलं वाचतो! पुढच्या दिवशी दार उघडं राहिलं होतं आणि विजेचं मीटर बघायला आलेला माणूस दारात उभा होता. माझं लक्ष नाही. मी आपला आवाज लावून वाचतो आहे, "मला सोडून जाऊ नकोस स्वल्प मी जगणार नाही उद्गार उद्गार उद्गार". (लेखकाने तीन दिले होते. तू त्यातले दोन काढायला सांगितले होते, आठवतं? त्याने ऐकलं नव्हतं.) समोर बायको भिंतीकडे तोंड करून बसलेली. तो माणूस मीटर न बघताच परत गेला, आणि त्याने खाली जाऊन सांगितलं म्हणे, की वरच्या घरी मोठं भांडण पेटलं आहे, आजोबा गयावया करतायत आणि आजी ढिम्म.

ही बातमी शिक्षिकाबाईंच्या कानी गेली आणि त्या धावत आल्या. थोडं ऐकलं आणि त्यांचा समज असा झाला, की माझ्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली. त्यांना बसवून मला आपलं सगळं काम समजावून सांगावं लागलं. म्हटलं, बाई, एकाने मूळ हस्तलिखित हातात धरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने समोरच्या छापील कागदावर नजर ठेवून चुकांना खुणा करायच्या. वाचणाऱ्याने शब्द तर वाचायचेच, पण स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस, अवतरण, कुठे परिच्छेद पडला, सगळं वाचायचं. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा नाही, हसायचं नाही, हळहळायचं नाही. हळहळलो की समोरचा हळहळतो आणि चूक सुटते. आणि मूळ प्रतीत नसलेला एकही शब्द तोंडातून काढायचा नाही. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, अरेरे. मग त्यांनी मला शिकवायचं मनावर घेतलं. (बुडत्याचा पाय खोलात.)

त्यांचा पहिला धडा, चिन्हं उच्चारायची नाहीत. बरं, नाही उच्चारत. पण गरुडा, जन्मभर मी श्वास घेतला तो 'पूर्ण' म्हणताना. 'पूर्ण' गेला तसा श्वासही गेला. एका आजोबांचं आजारपण, त्यांचं मरण, घराची वाटणी आणि धाकटीचं लग्न मी एकाच दमात उरकलं आणि लग्नाच्या जेवणावळीत मला घेरी आली. दुसरा धडा, भाव आणायचा. म्हणून नायिकेसाठी मी आवाज बारीक केला. जिन्यातलं मांजर त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर येत नाही. शेवटी तुझ्या वहिनीनेच हात वर केला आणि म्हणाली, पुरे, तुमचं आधीचंच बरं होतं. बाईंना ते लागलं असावं, म्हणून तिने समजावून सांगितलं, आणि ते मी तुला जसंच्या तसं कळवतो: "हे स्वल्प-पूर्ण करत वाचतात ना, तेव्हा मधे कुणी उभं राहत नाही. पान समोर धरल्यासारखं वाटतं. मग ती माणसं माझी मी बघते." आपल्या कामाची एवढी तारीफ मालकांनीसुद्धा कधी केली नव्हती. बाईही समजूतदार, म्हणाल्या, बरं तर, आणि तेव्हापासून त्या ऐकायला येतात.

आणखी एक अडचण होती, ती मात्र तुझ्यामुळे. प्रत्येक ओळ संपली की तू 'हं' म्हणायचास. 'हं' आला की मी पुढे. नाही आला तर मी थांबायचो, कारण तुझी पेन्सिल चालत असायची. हे माझ्या हाडांत इतकं मुरलं आहे, की समोरून 'हं' आला नाही तर जीभ पुढची ओळ उचलतच नाही. मी प्रत्येक ओळीला थांबत होतो आणि ती दरवेळी वैतागून म्हणत होती, जागी आहे मी. तेव्हा तिला सांगितलं, की अगं, लहानपणी गोष्ट ऐकताना हुंकार देत होतीस ना, तसा दे. ती द्यायला लागली.

गरुडा, तुझा 'हं' आणि तिचा 'हं' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, रागावू नकोस. तुझा 'हं' म्हणजे शिक्का. तिचा प्रत्येक वेगळा. एक 'हं' म्हणजे मला माहीतच होतं. एक म्हणजे ही मूर्ख आहे, हिने आधीच जायला हवं होतं. एक नुसताच लांब, खिडकीतून बाहेर बघत बसल्यासारखा. त्या हुंकारांवरून मला कळायला लागलं, की मी काय वाचतो आहे. एका ठिकाणी साधंच वाक्य होतं, की आई गेल्यावर तिच्या कपाटातला रिकामा हँगर बरेच दिवस हलत असल्यासारखा वाटायचा. 'हं' आला तरी मी पुढे गेलो नाही. तिने विचारलं, काय झालं, अक्षर पुसट आहे का? म्हटलं, नाही, वाक्य चांगलं आहे. हे वाक्य मी तीनदा मोठ्याने वाचलं होतं आणि मला ते आता कळलं. इतकी वर्षं आपण दोघं दाराची चौकट सरळ आहे का ते तपासत बाहेर उभे होतो रे, आत घर होतं.

हळूहळू तिची खुर्चीही फिरली. आधी 'मला नीट ऐकू येत नाही' म्हणत तिने अर्धी वळवली (माझा आवाज आणि ऐकू येत नाही!), मग पुरती खिडकीकडे. वाटाणे ती सोलते आता, माझ्याहून भराभर, आणि साली सालींत पडतात. दुपारी ऊन कट्ट्यावर येतं तेव्हा तिथे हात ठेवून बसते आणि ऊन सरकलं की हात सरकवते. बाई आल्या की नायिकेला नावं ठेवायची तिघांची बैठक बसते. आणि परवा मी चहा दिला, तिने एक घोट घेतला आणि कप माझ्याकडे ढकलला. "हा चहा आहे? हा मला चालणार नाही." मी नवा चहा करायला गेलो आणि ओट्याशी उभा राहून हसलो. या वेळी भांडी आपटली नाहीत. तू पत्रात विचारलं होतंस ना, की नोकरी सुटल्यावर माणसाने दिवसाचं करायचं काय? मला विचारशील तर कुणालातरी काहीतरी वाचून दाखवावं आणि मधे-मधे चहावरून बोलणी खावीत. याहून सुख मला तरी ठाऊक नाही.

एकच काळजी आहे. एकदा वाचून झाल्यावर ती सहज बोलून गेली, की हे एवढं पुस्तक होऊ दे, मग काही नको. दुसरं आणू का म्हटलं तर हातानेच नको म्हणाली. ते 'मग काही नको' माझ्या मनातून जात नाही. पण अजून बरीच पानं शिल्लक आहेत, तेव्हा आजच त्याचा घोर कशाला?

इथे बाकी सगळं क्षेम. तुझ्या घरी वडीलधारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, म्हणून थोरांचे नमस्कार तूच घे आणि धाकट्यांना आशीर्वाद वाट. गुडघा जप.

तुझा,
भोंगा

ता. क. गरुडा, वर शेवटाकडे लिहिलेलं खोटं आहे. हा मजकूर मी ओठ घट्ट मिटून लिहितो आहे, कारण विषय नाजूक आहे. पानं शिल्लक नाहीत. कादंबरी कधीच संपली. शेवट कसा आहे माहीत आहे? ती बाई स्टेशनवर बाकड्यावर बसली आहे, घरी परत जायचं की नाही ते ठरत नाही, आणि शेवटची ओळ येते, 'गाडी आली.' पूर्णविराम. खलास! पुढे नुसतं कोरं पान. इतक्या चिठ्ठ्या पाठवणाऱ्या माणसाला आणखी एक चिठ्ठी पाठवता आली नाही? मी 'गाडी आली' एवढं वाचलं आणि समोर पाहिलं. तिची बोटं सोललेल्या वाटाण्यांत तशीच थांबली होती. माझ्याच्याने 'पूर्ण' म्हणवेना. मी 'स्वल्प' म्हणालो. जन्मात पहिल्यांदा मूळ प्रतीत नव्हतं ते वाचलं. तिने 'हं' म्हटलं, आणि 'हं' आला की मला पुढे जावंच लागतं.

तेव्हापासून रोज दुपारी कोरं पान समोर धरून मी मनचं वाचतो आहे. पान उलटल्याचा आवाजही काढतो. तिला ताकास तूर लागू दिलेली नाही. ती बाई गाडीत बसली, एका अनोळखी गावात उतरली, शिवणकामाचं दुकान काढलं, आणि वरची खोली भाड्याने दिली. भाडेकरू म्हणून मला दुसरं कुणी सुचेना, तेव्हा तू आहेस. छापखान्यातला निवृत्त माणूस, नजर तीक्ष्ण, गुडघा निकामी. (दिसायला बरा केला आहे, आभार नंतर मान.) सध्या तू जिन्याच्या मधोमध उभा आहेस, हातात कंदील आहे, आणि पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. तर काम असं. परवा बाई म्हणाल्या, पुस्तक हातात घेतलं तेव्हा एवढं जाड वाटलं नव्हतं. आता तुझी वहिनी तुला फोन करून विचारील असं वाटतं, कारण खुणा तूच केल्या होत्या आणि तुझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे. तू एवढंच सांग, की हो, कादंबरी फार मोठी होती, लेखक शेवटपर्यंत भर घालत होता. आणि तुला जिन्यावरून वर नेऊ की खाली, तेही कळव. पत्र वाचून फाडून टाक.

ता. क. २ तिकीट संपलं आहे, ते आणायला खाली जातो. हल्ली पाकिटाला डिंक लावून बंद करायचं काम तुझ्या वहिनीकडे असतं. बोटांना काम बरं असतं म्हणते. हे कागद घडी घालून टेबलावर ठेवतो, ती उठली की बंद करील. तेव्हा डिंक जिथे-तिथे लागला असेल तर समजून घे.

ता. क. ३ भावजींना नमस्कार. ओळी एकमेकींच्या अंगावर गेल्या असतील तर सांभाळून वाचा. खाली पट्टी धरून लिहिते आहे. ह्यांची पट्टी बाईंनी नेली नाही, माझ्या उशीखाली असते. हे बाहेर गेले की रोज थोडं लिहून बघते. बाई म्हणतात, वाचता येतं.

मी झोपले नव्हते. सगळं पत्र ऐकलं. ओठ घट्ट मिटून लिहितो आहे हेही ह्यांनी मोठ्यानेच म्हटलं.

पुस्तक संपलं ते मला त्याच दुपारी कळलं. 'गाडी आली' म्हणाले आणि आवाज अडकला, मग 'स्वल्प' म्हणाले. त्यानंतर आजपर्यंत एकदाही स्वल्प नाही की पूर्ण नाही. छापलेलं असतं तेव्हा हे एकही चिन्ह गाळत नाहीत, आणि स्वतःचं सांगतात तेव्हा ह्यांना चिन्हांची आठवणच राहत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांचं स्वतःचं असं मी आता ऐकते आहे. 'मग काही नको' असं मी म्हणाले होते खरी, तेव्हा खरंच काही नको होतं. आता मला रोज दुपारची वाट बघावीशी वाटते.

म्हणून भावजी, विनंती एवढीच, की कादंबरी फार मोठी होती असंच कळवा. मला कळलं आहे हे ह्यांना कळू देऊ नका, नाहीतर लाजून वाचायचे थांबतील. तुमचं उत्तर आलं की ते मला वाचून दाखवतील, तेव्हा माझ्यासाठी वेगळं काही लिहू नका. स्वल्प-पूर्ण थांबले की ह्यांनी पदरचं काय घातलं ते मला कळेलच. आणि त्या भाडेकरूला वर जाऊ द्या. गुडघा दुखेल, पण वर खिडकी आहे.

जिन्यात पावलं वाजताहेत. थांबते स्वल्प